लोकल चॅनलवर ज्योतिष्याचा 'सत्ताबदल विशेष' लावू की नको?

वायरवाला_वेंगुर्ला

मंडळी, सल्ला हवाय आणि लवकर हवाय. पार्टी सोमवारी आगाऊ पैसे घेऊन येतेय.

मी वेंगुर्ले तालुक्यातला केबलवाला. २००२ पासून माडांवरून वायरी ओढतोय. एकेकाळी साडेसहाशे कनेक्शनं होती, आज २१० आहेत, आणि त्यातली तीसेक बिल देताना 'पुढच्या म्हयन्यात' म्हणणारी. पोरं मोबाइलवर बघतात. म्हाताऱ्यांना अजून मी लागतो. माझं एक लोकल चॅनलही आहे. दशावतार, जत्रेचं चित्रण, अंडरआर्म क्रिकेट, वाढदिवसाचे फोटो आणि बाराव्याच्या जाहिराती. त्यावर माझं डिझेल सुटतं, एवढंच.

तर घाटावरचे एक ज्योतिषी आहेत. नाव कशाला घेऊ. त्यांना आठवड्याला अर्धा तास हवाय. महिन्याला ८,००० रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. कार्यक्रमाचं नाव 'सत्ताबदल आणि तुमची रास'. नमुन्याचा पेनड्राइव्ह मी पूर्ण बघितला. पहिली वीस मिनिटं कुठल्या मंत्र्याला साडेसाती आणि हे सरकार किती टिकणार. शेवटची दहा मिनिटं 'राजयोग यंत्र'. तांब्याचं, २,१०० रुपये. ग्रामपंचायतीला उभं राहणाऱ्याने दारावर ठोकायचं, म्हणजे विरोधकाची बुद्धी भ्रष्ट. खाली फोन नंबर.

आताच का, तर हवा तशी आहे. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला, ५ डिसेंबरला शपथविधी. मधल्या १२ दिवसांत १ तारखेला अमावास्या आली, आणि वाहिन्यांनी ती अमावास्या पण पक्ष असल्यासारखी चर्चेला बसवली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये वर्षा बंगला, म्हणजे मुख्यमंत्र्यांचं सरकारी घर. संजय राऊत म्हणाले की तिथे हिरवळीत रेड्याची शिंगं पुरल्याची चर्चा आहे, म्हणून मुख्यमंत्री राहायला जात नाहीत. फडणवीस म्हणाले की मुलीची दहावीची परीक्षा आहे, ती झाली की जाऊ. दहावीची परीक्षा कोणाच्या घरात नसते? पण दिवसभर पडद्यावर शिंगंच. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारात मासळीवाली मला विचारते, "केबलवाल्यानू, आमच्या मागच्या परड्यात पन कोणी काय पुरलेला असात काय? झील तीनदा भरतीत नापास झालो."

सरकार पडतं तेव्हा लोक किती टीव्ही बघतात हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक नसेल. जून २०२२. आमदार सुरतेला, तिथून गुवाहाटीला, आणि इथे मिरगाचा पाऊस. फणसाची फांदी मेन वायरीवर पडली. एरवी दोन दिवस कोणी विचारत नाही. त्या दिवशी तासाभरात चाळीस फोन. भर पावसात शिडी लावून चढलो, खालून एक आजोबा छत्री धरून ओरडतायत, "कामाख्येच्या देवळात गेले रे, लवकर लाव!" त्यांना बहुमताचं काही पडलं नव्हतं. देवीने काय सांगितलं ते हवं होतं. २९ जूनच्या रात्री ठाकऱ्यांनी राजीनामा दिला तेव्हा तेच आजोबा मला म्हणाले, "बघ, देवी पावली." कोणाला पावली हे मी विचारलं नाही.

आता माझी अडचण. घर आमचं गुरवाचं. बाबा ७८ वर्षांचे, अजून देवळात गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात, म्हणजे देवाला पाकळ्या लावून हो की नाही ते विचारतात. ज्याच्या घरात कौल लागतो त्याने ज्योतिष्याला नाही म्हणायचं म्हणजे लोक हसणार. कायद्याने हे लावता येतं का, हा एक प्रश्न. आणि येत असलं तरी लावावं का, हा दुसरा. २४,००० रुपये मला आज थोडे नाहीत.

---

खुळो_गणपत

लाव रे. तू नाही लावलंस तर युट्यूबवर बघतील. तिकडे तर बाबा फुकट आहे.

---

काळा_कोट_कुडाळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, दुसरा तुमचा तुम्ही बघा.

ज्योतिष सांगणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा नाही. लोकांना वाटतं आहे, पण नाही. त्यामुळे साडेसातीवाली वीस मिनिटं त्या कायद्यात बसत नाहीत. मात्र तुम्ही केबलवाले, म्हणजे तुम्हाला १९९४ चे केबल टेलिव्हिजन नियमही लागू. त्यातल्या नियम ६ मध्ये स्पष्ट आहे की अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवायचा नाही. मोठ्या वाहिन्या रोज सकाळी तेच करतात, हे बचाव म्हणून मला ऐकवू नका. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे, तुमच्याकडे मी आहे.

शेवटची दहा मिनिटं मात्र सरळ धोक्याची. जाहिरातीसाठी नियम ७ आहे. वस्तूत चमत्कारी किंवा दैवी गुण असल्याचा समज होईल अशी जाहिरात चालत नाही. शिवाय जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 'हनुमान चालिसा यंत्रा'च्या टीव्हीवरच्या जाहिरातींबद्दल निकाल दिला. देवाचं नाव लावून, अद्भुत गुण सांगून यंत्रं विकण्याची जाहिरात ही २०१३ च्या कायद्याखाली बेकायदा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,०००. ज्योतिषीबुवा घाट चढून जातील, चॅनल तुमचं आहे. 'मी फक्त वायर दिली' हे प्रांतांसमोर म्हणून बघा.

आणि हा कायदा सुखासुखी झालेला नाही. वर्षानुवर्षं लोंबकळत होता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्याच आठवड्यात अध्यादेशाला वेळ मिळाला.

---

रापणीचो_तांडेल

तुमी शिकलले लोक हसतास, पन पायगुण असता. ७ नोव्हेंबर २००९ क अशोक चव्हाणांनी शपथ घेतल्यानी, ११ तारखेक फयान वादळ इला. चार दिवस! आमची होडी तेव्हा भायर होती. भाऊस दुसऱ्या दिवशी किनाऱ्याक लागलो तेव्हा घरात चूल पेटली. मगे २०१९ क ठाकऱ्यांचा सरकार इला. मार्चात कोरोना, जूनात निसर्ग वादळ, दुसऱ्या वर्सा तौक्ते वादळ, जुलयत चिपळूण बुडाला. ह्या सगळा उगाच? तुमचो यंत्रवालो खोटो असात, ता मी मानतंय. पायगुण खोटो नाय.

---

निवृत्त_कारकून_गुहागर

मंत्रालयात ३१ वर्षं काढून आता सुपारी मोजतो. मला सहाव्या मजल्यावरच्या ६०२ नंबरच्या खोलीबद्दल लिहायचंय. तुमच्या ज्योतिष्याच्या पेनड्राइव्हमध्येही ती असणार, पैज लावा.

नवं मंत्रिमंडळ आलं की ही खोली बातमीत येतेच. कृषिखातं सांभाळताना खडसे तिथे बसले, जून २०१६ मध्ये राजीनामा. मग फुंडकर, मे २०१८ मध्ये त्यांचं निधन. मग अनिल बोंडे, ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडणूक हरले. झाली खोली अपशकुनी. डिसेंबर २०२४ मध्येही ती कोण घेणार यावर बातम्या झाल्या.

आता त्याच सरकारातले बाकीचे बघा. पंकजा मुंडे आणि राम शिंदे मंत्री असताना २०१९ ला पडले. तावडे आणि बावनकुळे मंत्री असून त्यांना तिकीटच मिळालं नाही. यांच्या खोल्यांचे नंबर सांगा बघू? नाही ना येत. कोणी विचारलेच नाहीत. मंत्री म्हणजे येणार आणि जाणार, पाट्या रंगवणारा त्यावरच पोट भरतो. ६०२ समोरच्या बाकावर बसणाऱ्या शिपायाला मी एकदा विचारलं होतं, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, "साहेब, मी इथं किती मंत्र्यांना पाणी दिलं, माझं तर प्रमोशन झालं."

तुम्हाला एक सरकारी उपाय सांगतो. ज्योतिष्याला सरळ नाही म्हणू नका. भाकीत कागदावर मागा. कोणतं सरकार, किती तारखेपर्यंत, खाली सही. त्यावर आवक क्रमांक घाला. खोटं ठरलं तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला तो कागद पडद्यावर दाखवणार, ही अट. आमच्याकडे कोणतीही फाइल थांबवायची असली की आम्ही 'लेखी द्या' म्हणायचो.

---

वायरवाला_वेंगुर्ला

वकीलसाहेब, आभार. 'मी फक्त वायर दिली' हेच म्हणायचं ठरवलं होतं, ते गेलं.

तांडेलांनू, तुमचं वाचून काल रात्री कालनिर्णयाच्या मागे तारखा लिहून काढल्या. (ते कॅलेंडरही मालवणच्याच माणसाने काढलेलं, १९७३ पासून, आणि त्यातले मुहूर्त मी स्वतः बघतो, हे आधीच कबूल.) २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं, सरकार फडणवीसांचं पहिलं. तेव्हा खापर खेकड्यांवर फुटलं होतं, आठवतं? ३ जून २०२० निसर्ग, मे २०२१ तौक्ते, २२ जुलै २०२१ चिपळूण, ही ठाकऱ्यांच्या काळातली. १९ जुलै २०२३ इर्शाळवाडीची दरड, २६ ऑगस्ट २०२४ राजकोटचा शिवरायांचा पुतळा पडला, ही शिंद्यांच्या. तुमचं फयान आणि कोरोना सोडला तर एकूण एक तारीख मे ते ऑगस्टमधली. म्हणजे पायगुण म्हणायचाच तर तो पावसाळ्याचा. पण भाऊ समुद्रात असताना माणूस कॅलेंडर बघत नाही, तेही खरं. तुम्हाला हसलो नाही.

---

बाई_सावंतवाडी

सगळे ज्योतिष्यावर तुटून पडलात, मग मीच वाईट होते. वायरवाले, तुम्ही प्रश्नात एक गोष्ट हळूच सरकवलीत. तुमच्या बाबांच्या कौलात आणि या बाबाच्या यंत्रात फरक काय? पाकळी उजवीकडे पडली की हो, डावीकडे पडली की नाही. तुमच्या चॅनलवर जत्रेचं चित्रण दाखवता, त्यात अवसर आलेला, म्हणजे अंगात आलेला, माणूस घुमताना दिसतो की नाही? आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते आणि तिथे सगळ्या पक्षांचे पुढारी रांगेत दिसतात, तेही लाइव्ह.

आपल्याकडे २०१६ साली आकेरीच्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' मालिकेचं चित्रीकरण झालं, तेव्हा कोकणाला भुताखेतांचं दाखवतात म्हणून किती ओरड झाली. ओरडणाऱ्यांतलेच पुढे पाहुण्यांना घेऊन वाड्यासमोर फोटो काढायला गेले. माझ्या वर्गातली मुलं सहलीला तिथेच चला म्हणत होती. आपलं भूत आपण सांगितलं तर ती परंपरा, आणि दुसऱ्याने विकलं तर अंधश्रद्धा, असं करू नका एवढंच.

---

वायरवाला_वेंगुर्ला

बाई, लागलं. दोन दिवस उत्तर सुचलं नाही, म्हणून बाबांनाच तुमचं वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "बाई बरोबर बोलता." मग थोड्या वेळाने त्यांनी मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. २०२२ मध्ये, मी शिडीवर होतो त्याच आठवड्यात, गावातले दोघे देवळात आले होते. नारळ ठेवला आणि म्हणाले, कौल लाव, सरकार ऱ्हवता काय पडता? बाबांनी नारळ परत दिला. "देवाक गावाचा इचारूचा. पाऊस, गुरा, आजारपण. मुंबैचा देवाक काय म्हाईत?" एकाने पाचशेची नोट काढली, तर ती पण परत. मी विचारलं, घेतली असती तर? "मगे दुसऱ्या दिवशी दोन हजाराची इली असती, आणि पाकळी माझ्या मनासारखी पडाक लागली असती."

याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही, मला ठाऊक आहे. पाकळी ती पाकळीच. मी ती जत्रा दाखवणं बंद करणारही नाही, खोटं कशाला बोलू.

सोमवारचं सांगतो. ज्योतिषीबुवा आले, पांढरी गाडी, सोबत एक पोरगा यंत्रांची पेटी धरून. मी बिलाची वही पुढे केली आणि कारकूनकाकांची अट सांगितली. ते हसले. म्हणाले, "ग्रहांचा अंदाज असतो, त्यावर सही नसते." म्हटलं, मग यंत्राच्या डबीवर 'खात्रीशीर' कसं छापलंत? त्यावर चहा संपवला, स्वतःच्या फोटोचं कॅलेंडर दिलं आणि गेले. शेजारच्या तालुक्यातल्या केबलवाल्याचा नंबर मागत होते. मी दिला नाही, पण त्यांना मिळेल.

बाबा ओटीवरून बघत होते. "कोण इललो?" सांगितलं. "यंत्र तांब्याचाच होता?" म्हटलं, हो, पातळ पत्रा. "तांब्याचो भाव काय चललो हा सध्या?"

तो अर्धा तास मोकळाच होता, म्हणून अंडरआर्मची सेमीफायनल परत लावली. तीन फोन आले. शेवटची ओव्हर कापली गेली म्हणून शिव्या.