मोटर माउंटच्या स्क्रूची खाच गोल होते

इंदूरकर मंडळी, फोम ट्रेनरच्या (शिकाऊंचं फोमचं रिमोट विमान) मोटरला एम३ (३ मिमी) बटन-हेड, म्हणजे चपट्या गोल डोक्याचे स्क्रू लावलेत. दोनदा खोलले की ॲलन की (षटकोनी किल्ली) आतच फिरते. दोष कशाचा?

— की कोणती? बटन-हेडला २ मिमी लागते, सॉकेट-कॅपला (उंच, नळकांडी डोक्याचा) २.५. ५/६४ इंची की १.९८ मिमीची, बसते, पण जोर दिला की कोपरे खाते. बॉल-एंडने (कीच्या गोल टोकाने) नुसतं फिरवा, शेवटचा पीळ सरळ टोकानेच. टोक झिजलंय? झिजलेला भाग घासून टोक सपाट करा.

— जागा असेल तर सॉकेट-कॅपच लावा, खाच खोल असते. सियागंज बाजारात सुटे मिळतात, १२.९ ग्रेड (जास्त कडक पोलाद) मागा.

— थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लाल असेल तर डोकं जाणारच! निळं, एकच थेंब, तेही धातूच्या आट्यांवर. प्लास्टिकला त्याने तडे जातात. अडकलाच तर डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून तापवा, गरम असतानाच खोला.