सहावीतल्या मुलीला गणित-इंग्रजीची शिकवणी: कशी लावू?

कराडची आई

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. शाळा मराठी, पण सेमी. पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. चौथीपर्यंत गणित हा तिचा सगळ्यात आवडता विषय होता. हिशेब तोंडी करायची, दुकानात सुटे पैसे माझ्याआधी सांगायची. आता पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ७. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "गणित कच्चं आहे, क्लास लावा."

लावला. महिना १,२०० रुपये, दोन्ही विषय. एका खोलीत पाचवी ते आठवीची ३५ मुलं. फळ्यावर गणित सोडवायचं आणि मुलांनी उतरवायचं. वही इतकी सुरेख आहे की बघत राहावं, पण दुसऱ्या चाचणीत गुण झाले ८. क्लासच्या दिवशी दुपारपासून पोटात दुखतं म्हणते. डॉक्टरांना दाखवलं, काही नाही.

मी आणि तिचे बाबा दोघंही मराठी माध्यमातले. आम्हाला एबीसीडी पाचवीत भेटली. मला लसावि, मसावि अजून येतात, पण तिच्या पुस्तकात त्यातलं कुठलं विचारलंय तेच कळत नाही. घरी येऊन शिकवणारे एक सर आहेत, आठवड्यातून ३ दिवस, महिना ३,५०० रुपये. आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे. द्यायला तयार आहे, पण पुन्हा वहीच भरणार असेल तर नको. अनुभवी लोकांनी सांगा.

नाशिकचा बाबा

ताई, आधी एक विचारतो. क्लास लावा म्हणणाऱ्या बाई स्वतः शिकवणी घेतात का? आमच्याकडे तसंच झालं होतं. मुलाला शाळेत "समजलं नाही" म्हणायची सोय नव्हती, संध्याकाळी त्याच शिक्षकांकडे पैसे भरून समजून घ्यायचं. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २८ सरळ सांगतं की शिक्षकाने खाजगी शिकवणी घेऊ नये. मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं. मुलाला त्रास होईल म्हणून घरात सगळे घाबरले होते, झाला नाही.

शिकवणीच्या काकू, सांगली

मी २२ वर्षं घरी शिकवण्या घेते, एका वेळी चारपेक्षा जास्त मुलं नाहीत. सर ठरवायच्या आधी एका संध्याकाळी हे करून बघ.

सहा सोपी गणितं घे. प्रत्येक गणित आधी मराठीत तोंडी सांग. दोन दिवसांनी तीच, आकडे बदलून, इंग्रजीत लिहून दे. मराठीत बरोबर आणि इंग्रजीत चूक आली, तर तुझ्या मुलीचं गणित कच्चं नाही. तिला प्रश्न कळत नाहीये. सेमीच्या मुलांमध्ये मी हे इतक्यांदा पाहिलंय की "गणित कच्चं" हा शेरा वाचला की मला राग येतो.

यात 'फ्रॉम' असलेलं एक गणित नक्की घाल. आपण म्हणतो, "९०२ मधून ३४८ वजा करा." मोठी संख्या आधी कानावर पडते, मूल तशीच मांडतं. इंग्रजीत येतं, 'सबट्रॅक्ट ३४८ फ्रॉम ९०२'. मूल वाचेल त्या क्रमाने ३४८ वर लिहितं, ९०२ खाली, आणि प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा करून मोकळं होतं. उत्तर येतं ६४६. खरं उत्तर ५५४. बाई फुली मारतात आणि मुलाला वाटतं, आपल्याला वजाबाकी येत नाही. दुसरं 'हाऊ मेनी मोअर'. रमाकडे ४५ मणी, सीमाकडे ६२, तर सीमाकडे किती जास्त? 'मोअर' दिसलं की मुलं बेरीज करतात, १०७.

संख्यांचंही तसंच. एकोणसत्तर ऐकून ७९ लिहिणारी हुशार मुलं माझ्याकडे आली आहेत, कारण कानाला सत्तर ऐकू येतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला. मला स्वतःला एकवीसच प्रिय आहे, पण मुलांची अडचण खरी होती, हे शिकवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. पाढे मात्र मराठीतच ठेव. 'टू वन्झा टू' शाळेत म्हणू दे, घरी बे एके बे, बे दुणे चार. लय पक्की असते, रात्री झोपेतून उठवलं तरी आठवतात.

आणि हे लिहून भिंतीला लाव: लसावि म्हणजे एलसीएम, मसावि म्हणजे एचसीएफ. अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर. तुला जे येतं ते तुझ्या मुलीच्या उपयोगाचं आहे, तू फक्त नावांना अडतेयस.

इंग्रजीसाठी काळ आणि व्याकरणापासून सुरुवात करणारा शिक्षक नको. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. तिसरीचं इंग्रजीचं पुस्तक उतरवून घे. सहावीचं नाही, तिसरीचं. रोज एक पान मोठ्याने वाचायचं, तू शेजारी बसायचं. तुला अडलं तर दोघींनी मिळून शब्द शोधायचा. त्यात तुला कमीपणा वाटू देऊ नकोस.

सरांना ठेवायचंच असेल तर पहिल्या दिवशी दारातून ऐक. तासभर तेच बोलत असतील तर नको. "तू हे कसं केलंस, मला सांग," असं मुलीला विचारत असतील तर पैसे सार्थकी लागतील. आणि क्लास आजच बंद कर. पोटदुखी खोटी नसते, बाई.

सेमीतून शिकलेला

काकूंशी सहमत. मला आठवीत सेमी सुरू झालं. माझ्या आजोबांनी एका शंभर पानी वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी आणि खाली एक छोटं गणित असं लिहायला लावलं होतं. रोज चार शब्द. दिवाळीपर्यंत पुस्तक परकं वाटेनासं झालं. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

कराडची आई

काकू, केलं. मराठीत सहापैकी पाच बरोबर. इंग्रजीत दोन. वजाबाकी हुबेहूब तुम्ही लिहिली तशीच उलटी मांडली. मी तोच प्रश्न मराठीत वाचला तर म्हणाली, "अगं मग असं लिहायचं ना त्यांनी!" आणि अर्ध्या मिनिटात सोडवलं. मला रडू आलं. चार महिने आम्ही तिला अभ्यास करत नाहीस म्हणून बोलत होतो.

क्लास बंद केला. सरांशी बोलले, आठवड्यातून २ दिवस, २,४०० रुपयांत महिनाभर करून बघू म्हणाले. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकणार आहे.

बाबा, त्या बाई शिकवणी घेत नाहीत. त्यांच्या वर्गात ६२ मुलं आहेत.

मराठीत चुकलेलं एक गणित मात्र मला समजावता आलं नाही. २/३ अधिक १/४. तिने वरचे वर आणि खालचे खाली मिळवून ३/७ लिहिलं.

शिकवणीच्या काकू, सांगली

हे खरं कच्चं आहे आणि ते सापडलं हे फार छान. समच्छेद हा शब्द अजून काढू नकोस. चौकटीच्या वहीतल्या कागदाची १२ चौकोनांची पट्टी काप. तिला त्यातला दोन तृतीयांश भाग लाल रंगवायला सांग, ८ चौकोन होतील. मग एक चतुर्थांश निळा, ३ चौकोन. किती रंगले ते तिलाच मोजू दे. आता ३/७ ची गंमत दाखव: ३/७ अर्ध्यापेक्षा कमी असतो आणि तिची पट्टी तर जवळजवळ पूर्ण रंगलेली आहे. बाराच चौकोन का घेतले, हे ती स्वतः विचारेपर्यंत थांब. विचारलं की लसावि सांग.