कडक लिहू की नरम? धंद्याच्या रोजच्या कामात एआय वापरताय का, सांगा अनुभव

जुना_हार्डवेअरवाला
परवा माळा आवरताना बाबांच्या लाल कापडी खतावण्या निघाल्या आणि एकीत घडी घातलेली टाइप केलेल्या पत्राची कार्बन कॉपी. एकदम सगळं आठवलं. मी सहावीत असेन, जांभळी नाक्याला आमचं हार्डवेअरचं दुकान, एका कंत्राटदाराकडे पैसे अडकलेले. बाबांना इंग्रजीतून पत्र धाडायचं होतं, मराठी पत्र कोणी मनावर घेत नाही अशी त्यांची पक्की समजूत. मला घेऊन कोर्ट नाक्याला गेले. टायपिस्टने कागद चढवला, मधे कार्बन घातला, रोलर फिरवला आणि वर न बघताच विचारलं, "कडक लिहू की नरम?" बाबा म्हणाले मधलं लिहा, माणूस ओळखीचा आहे. तो म्हणाला, मधलं नसतं शेठ.

आता माझी पाळी. घोडबंदरच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे ८४ हजार आहेत, दिवाळीपासून नुसतं उद्या-परवा. मुलाने फोनवर एआय काढून दिलं, मी मराठीत सगळी कहाणी बोललो, मिनिटभरात इंग्रजी पत्र तयार आणि खाली विचारतोय की सूर आणखी ठाम हवा का सौम्य. हातातला चहा खाली ठेवला मी. पत्र झकास झालंय, एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांचा कायदा, ४५ दिवस, तिप्पट व्याज, सगळं घातलंय. अजून पाठवलेलं नाही. तुमच्यापैकी कोण कोण वापरतं? मोठ्या कंपन्यांचं नको, आपलं दुकान-गाळा-घरगुती धंदा यातलं सांगा.

डबे_कोपरखैरणे
मी वापरते! पटकन लिहिते, कुकर लावलाय. ४० डबे आहेत. आधी रविवारी रात्री वही घेऊन बसायचे, कुठली भाजी झाली कुठली राहिली. आता फोनला बोलून सांगते, आठवड्याचा मेनू दे, भाजी परत नको, एका डब्याचा माल ५५ रुपयांच्या वर नको, बुधवारी पालेभाजी. लगेच देतो. ग्रुपवर टाकायचा मेसेजही तोच लिहितो, फक्त "स्वादिष्ट आणि पौष्टिक" तेवढं मी खोडते, रोज खाणाऱ्याला काय सांगायचं स्वादिष्ट. पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्याने सुक्या बोंबलाची चटणी टाकली आणि मी न वाचता ग्रुपवर ढकलली. सकाळी सातला पहिला फोन नेरूळच्या एका काकूंचा. शिट्टी झाली, येते परत.

घणसोली_लोकल
मार्गशीर्ष गुरुवारी बोंबील!!! ताई नुसतं वाचून घर पावन झालं

आर्टिकल_ते_अकाउंटंट
वागळे इस्टेटला टॅक्सच्या ऑफिसात आहे. सगळ्यात जास्त उपयोग जीएसटीचं २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, आपल्या खरेदीशी जुळवायला. १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं आणि २० ला ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं, मधे पाच-सहा दिवस आणि क्लायंटने खरेदीची बिलं द्यायची १८ ला रात्री, फोटो काढून, त्यातही अर्ध्या बिलावर अंगठा. बिल नंबर आमच्या टॅलीत ००४५/२४-२५ आणि पोर्टलवर नुसता ४५, म्हणजे एक्सेल म्हणणार हे जुळतच नाही. पूर्वी आम्ही दोघं डोळ्यांनी टिक मारत बसायचो. आता एआयला सांगितलं की दोन कॉलम असे असे आहेत, पुढचे शून्य आणि तिरक्या रेषेनंतरचं काढून जुळव, त्याने फॉर्म्युला दिला. पहिला चालला नाही, एरर त्यालाच परत चिकटवली, दुसरा चालला. दीड दिवसाचं काम जेवायच्या आत. मात्र मी त्याला क्लायंटचं नाव, जीएसटी नंबर काहीही देत नाही, खोट्या चार ओळी करून विचारते आणि फॉर्म्युला आपल्या शीटमधे लावते.

आता दुसरी बाजू. आमच्या एका फरसाणवाल्याने परस्पर एआयला विचारून पाकिटांवर १२ टक्के जीएसटी लावला. अहो २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद फरसाणाला ५ आहे! त्याचं ज्ञान जुनं होतं आणि सांगताना आवाज असा की जणू जीएसटी कौन्सिलच्या बैठकीतून आत्ताच उठून आलाय. तीन आठवड्यांची बिलं, जादा लावलेला कर वळता करायला सगळ्यांच्या क्रेडिट नोटा कोणी काढल्या? मी काढल्या.

आणि हार्डवेअरवाले काका, ते पत्र पाठवू नका. तुमचं ट्रेडिंग आहे ना?

जुना_हार्डवेअरवाला
हो, ट्रेडिंगच. उद्यमचं, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, फ्रेम करून लावलंय गल्ल्याच्या मागे. का?

आर्टिकल_ते_अकाउंटंट
काका २०२१ मधे व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी पुन्हा खुली केली, पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. उशिरा पेमेंटचं जे संरक्षण आहे ते माल बनवणारे आणि सेवा देणारे यांना, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. समोरच्याचा सीए बघेल आणि हसेल. ती दोन कलमं काढा, बाकी पत्र ठेवा.

गाळा_नं_बारा
आम्हाला लागू आहे बुवा, महापेला फॅब्रिकेशनचा गाळा. करार नसेल तर १५ दिवस, लेखी करार असेल तरी ४५ च्या पुढे नाही, आणि वर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, कायदा २००६ चा आहे. २०२४ पासून इन्कम टॅक्सवाल्यांनीही पाचर मारलीय, वेळेत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, तेव्हापासून मार्च एन्डला आम्हाला समोरून फोन यायला लागले, आधी कोण विचारत होतं. व्याज मागितलं का कधी, तर नाही, पुढची ऑर्डर कोण देणार. एआयला व्याजाचा हिशोब मात्र करायला लावला होता, मजा म्हणून. आकडा बघून बायको म्हणाली ह्यात गाळ्याचं पत्र्याचं छप्पर बदललं असतं.

एआयचा आम्हाला खरा उपयोग कोटेशनला. ड्रॉइंग बघून वजन मीच काढतो, ते त्याच्यावर सोडत नाही. पण पार्टी इंग्रजीत १४ प्रश्न विचारते त्याला उत्तरं लिहिताना माझा रविवार जायचा, तो वाचला.

टायपिंग_३०_४०
मूळ विषय राहू दे, ते कार्बनवाल्याचं वाचून माझी आई एकदम खुलली. तिने मराठी ३० आणि इंग्रजी ४० दोन्ही परीक्षा दिल्यात. म्हणते एका अक्षराची चूक झाली की मागच्या कार्बन कॉपीवरही खोडावं लागायचं आणि साहेब मुद्दाम मागचीच कॉपी बघायचा. आता ती सोसायटीची सेक्रेटरी आहे, सप्टेंबरातल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त तिने एआयकडून लिहून घेतलं. पार्किंगवरून जी भांडणं झाली, खुर्ची उचलेपर्यंत, त्याचं त्याने "सदस्यांमध्ये सविस्तर व मोकळी चर्चा झाली" असं केलं. आईने ते तसंच ठेवलं.

कांदा_बटाटा
सविस्तर व मोकळी चर्चा, आमच्या मार्केटात रोज होते.

वाशीला आडतीवर आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, आम्ही हातानेच लिहितो, हमाली तोलाई सगळं. पुतण्याने डोकं चालवलं, पट्ट्यांचे फोटो काढायचे, एआय ते वाचून एक्सेल करणार. पहिल्या दिवशी भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिशोब काही केल्या बसेना. ११ गोण्यांच्या ९९ झाल्या होत्या! आमच्या मेहतांचा, म्हणजे हिशोबनिसांचा, मराठी एक असा गोल शेपटीवाला, त्याला तो इंग्रजी नऊ वाटला. सगळीकडे नाही हं, कुठे कुठे, म्हणजे शोधत बसा. मेहता ३५ वर्षं आहेत, ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. आता पट्टीवर बेरीज खाली लिहितो आणि एक्सेलची बेरीज जुळली तरच पुढे. एक अजून, हुबळीकडच्या पार्टीचे कन्नड व्हॉइस मेसेज मराठीत करून घेतो, भाव बरोबर येतो, शिव्या गाळतो.

डबे_कोपरखैरणे
शिव्या गाळतो, अरे देवा. परत आले. दादा कांदा काय भावाने चाललाय आज, किरकोळला लुटतायत

कांदा_बटाटा
ताई सकाळी मार्केटला या, इथे भाव सांगितला की उद्या दहा फोन येतात

ऐरोली_खरेदी_विभाग
मी नोकरीवाली आहे, चालेल का? छोट्या कंपनीत खरेदी बघते. सध्याची गंमत अशी की व्हेंडरचा मेल एआयने लिहिलेला, दीड पानी. मी तो एआयला देते, थोडक्यात सांग. मग उत्तर एआय लिहितो, तिकडे तोही तेच करत असणार. असे सात मेल झाले आणि दोघांनाही कळेना की माल गुरुवारी येणार की शुक्रवारी. शेवटी लोकलमधून फोन केला, रबाळे ते घणसोलीत विषय संपला. तो मनुष्य सोलापूरचा निघाला, मराठीत बोलला असतास तर म्हटलं.

घणसोली_लोकल
तुम्ही ८.४२ ला असता का, लेडीज डब्यातून कोणीतरी "गुरुवार की शुक्रवार ते सांगा" ओरडत होतं

ऐरोली_खरेदी_विभाग
...

आर्टिकल_ते_अकाउंटंट
एक राहिलं. नोटिशीच्या उत्तरात एका ज्युनियरने एआयने दिलेला कोर्टाचा निकाल टाकला होता. नाव, वर्ष, परिच्छेद क्रमांक सगळं. सर म्हणाले छान आहे, कॉपी काढ. शोधून दमलो, असा निकालच नाही. हे प्रत्येक वेळी होत नाही म्हणूनच घात होतो.

आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून दर क्लायंट विचारतो, मग आता फी कमी होणार का. क्रेडिट नोटा काढणाऱ्याची फी वाढली पाहिजे खरं तर.

जुना_हार्डवेअरवाला
सगळ्यांना धन्यवाद, विशेष करून अकाउंटंट ताई. कलमं काढली. मग उरलेलं पत्र वाचलं तर त्यात माझं काहीच नव्हतं, "आपल्या सहकार्याच्या अपेक्षेत" वगैरे. म्हणून त्याला परत बोललो, याच्या वडिलांना माझ्या बाबांनी पहिल्या साइटचा माल उधार दिला होता ते घाल. घातलं त्याने, दोन ओळीत, बरं घातलं. काल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तासाभराने त्याचा फोन, "काका, हे इंग्रजी तुमचं नाही, पण ती वडिलांची गोष्ट तुमची आहे." ४० आलेत. बाकीचे म्हणे उद्या.

गाळा_नं_बारा
४४ साठी कडक लिहा आता

डबे_कोपरखैरणे
काका अभिनंदन. कोणाला सेक्टर १९ किंवा बोनकोड्याच्या बाजूला डबा हवा असेल तर मेसेज करा, गुरुवारी बोंबील नसतात.