गावातील रेडिओ श्रोता मंडळाची मासिक बैठक: कार्यक्रमांची आगाऊ माहिती कशी मिळवावी आणि बैठक टिकवावी कशी?

शिवारवाचक (आर्वी तालुका, जि. वर्धा)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात गेल्या पोळ्यापासून आम्ही काही जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एकत्र जमतो, आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे कार्यक्रम ऐकतो आणि ऐकलेल्या विषयावर तासभर बोलतो. पहिल्या बैठकीला सतरा माणसे होती आणि त्यांत चार संत्रा बागायतदार, दोन शिक्षक आणि वाचनालयात नियमित येणारी काही मुले होती. मागील बैठकीला मात्र आम्ही सातच उरलो. मंडळ बंद पडू नये असे मला मनापासून वाटते, कारण गावात वेगवेगळ्या वयाची माणसे एका विषयावर शांतपणे बोलतात असे दुसरे ठिकाण आता राहिलेले नाही.

माझ्या अडचणी तीन आहेत. पहिली अशी की, महिन्याभरात कोणता विषय कोणत्या दिवशी प्रसारित होणार हे आम्हाला त्याच दिवशी निवेदकाच्या तोंडून कळते. भाद्रपदात संत्र्याच्या आंबिया बहारातील फळगळीवर एका तज्ज्ञांची मुलाखत गुरुवारी झाली आणि आमची बैठक रविवारी होती. ज्यांच्या बागेत झाडाखाली फळांचा सडा पडला होता, नेमके तेच लोक ती मुलाखत ऐकू शकले नाहीत. दुसरी अडचण सदस्यत्वाची आहे. मंडळातील एका मुलीचे नातेवाईक अमेरिकेत राहतात आणि तिकडे रेडिओ केंद्राचे रीतसर सदस्य असतात, त्यांना महिन्याची कार्यक्रमपत्रिका घरपोच येते व त्यांच्यासाठी मेळावे होतात, असे तिने सांगितले. आपल्याकडे अशी काही सोय आहे काय? आम्ही दरमहा माणशी दहा रुपये घेतो, पण ते चहापुरतेच आहेत. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे: आमची बैठक हळूहळू सत्कार आणि भाषणांकडे वळू लागली आहे आणि ऐकणे बाजूला पडत चालले आहे.

ज्यांनी असे मंडळ चालवले आहे किंवा प्रसारणाचे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

निवृत्त प्रसारणकर्मी (नागपूर)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले आणि थोडी खंतही वाटली, कारण श्रोत्यांना महिन्याचा आराखडा आधी मिळावा ही गरज आकाशवाणीला फार पूर्वीपासून ठाऊक होती. एके काळी कार्यक्रमांची छापील नियतकालिके निघत. १९३५ साली सुरू झालेले 'द इंडियन लिसनर' हे इंग्रजी नियतकालिक १९५८ पासून 'आकाशवाणी' या नावाने निघू लागले आणि हिंदीत 'सारंग', बंगालीत 'बेतार जगत', गुजरातीत 'नभोवाणी' अशी त्याची भावंडे होती. त्यांत पुढचे कार्यक्रम दिवस आणि वेळेसह छापलेले असत. ती सर्व पुढे बंद झाली आणि श्रोत्याच्या हातातला कागद गेला.

तरीही केंद्राच्या आत नियोजन आधीच झालेले असते, हे लक्षात घ्या. रोजच्या सभांचा, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांचा, एक ठरलेला साचा असतो, त्याला आम्ही 'फिक्स्ड पॉइंट चार्ट' म्हणतो. शेतकऱ्यांचा कार्यक्रम किती वाजता, महिलांचा कोणत्या वारी, बातम्या केव्हा, हे त्यात पक्के असते आणि ते क्वचितच बदलते. त्या साच्यात कोणता वक्ता आणि कोणता विषय बसवायचा हे कार्यक्रम अधिकारी बरेच आधी ठरवतात, कारण वक्त्याला निमंत्रण पाठवणे, ध्वनिमुद्रण करणे, संपादन करणे या गोष्टींना वेळ लागतो. म्हणून 'तुमच्या सर्व कार्यक्रमांची यादी पाठवा' असे मोघम पत्र न लिहिता, 'शेतीविषयक कार्यक्रमात पुढील महिन्यात संत्रा आणि कापूस या पिकांवरील भाग कोणत्या तारखांना आहेत' असे नेमके विचारावे. शेती व गृह विभाग आकाशवाणीत १९६६ पासून आहेत आणि त्यांचे कामच मुळी गावाशी संपर्क ठेवण्याचे आहे. पत्र केंद्रप्रमुखांच्या नावे लिहा, पण त्यावर 'शेती व गृह विभागासाठी' असे स्पष्ट नमूद करा, नाहीतर ते टपालाच्या ढिगात भलत्याच टेबलावर पडून राहते.

सदस्यत्वाबाबत. अमेरिकेतील सार्वजनिक रेडिओ केंद्रे मोठ्या प्रमाणावर श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतात, त्यामुळे वर्गणीदाराला तेथे सदस्य म्हणतात आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी कार्यक्रमपत्रिका व मेळावे असतात. आपल्याकडे २३ नोव्हेंबर १९९७ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसारभारतीच्या अधिपत्याखाली आहेत आणि खर्च मुख्यतः केंद्र शासनाच्या अनुदानातून व जाहिरातींच्या उत्पन्नातून भागतो. आपल्या घरांतही एके काळी रेडिओचा परवाना असे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. तो केव्हाच रद्द झाला. त्यामुळे तुमचे मंडळ ही तुमचीच संस्था आहे, केंद्राची शाखा नव्हे. केंद्राच्या नावाने पावती फाडू नये आणि केंद्राचे बोधचिन्ह आपल्या फलकावर लावू नये. चहाचे दहा रुपये मात्र खुशाल घ्यावेत.

आता तुमच्या तिसऱ्या अडचणीविषयी, कारण खरे उत्तर तिथेच आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला होता. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत १५० गावांमध्ये श्रोत्यांची मंडळे स्थापन केली गेली आणि दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक असे वीस कार्यक्रम त्यांच्यासाठी खास प्रसारित झाले. आपला विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता, म्हणून तो त्या प्रयोगात नव्हता. मंडळात साधारण वीस माणसे, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. कार्यक्रम संपला की चर्चा होई, शंका लिहून केंद्राकडे पाठवल्या जात आणि त्यांची उत्तरे पुढे प्रसारणातूनच दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडली, असे त्यात आढळले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे तिचे सूत्र होते. सत्कार त्यात कुठेच बसत नाही, भाऊ. बैठकीत कार्यक्रम आधी ऐकला जावा आणि हारतुरे असतीलच तर ते वर्षातून एकदा, १६ जुलैला करा. १९४८ साली याच तारखेला नागपूर केंद्र सुरू झाले.

---

कपाशीवाली ताई (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

काकांनी जे सूत्र सांगितले, ते आम्ही नाव न देता आमच्या बचत गटात वापरले आहे, म्हणून अनुभव लिहिते. आमच्या गटातील बहुतेक जणी स्वतः वावरात राबतात, पण शेतीच्या बैठकीला बोलावणे मात्र घरच्या पुरुषांनाच येते. त्यामुळे आम्ही गटाच्या मासिक बैठकीतच रेडिओचा विषय घेऊ लागलो. सगळ्यांनी एकाच वेळी ऐकणे आम्हाला जमत नाही, कारण संध्याकाळच्या शेतीविषयक कार्यक्रमाच्या वेळी प्रत्येकीच्या घरी चूल पेटलेली असते. मग आम्ही वाटणी केली: आठवड्यातील एकेक दिवस एकेकीकडे. जिचा दिवस, तिने स्वयंपाक करता करता ऐकायचे आणि वहीत चार ओळी लिहायच्या, किंवा लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यायच्या. मासिक बैठकीत ती वही वाचली जाते.

कृतीचे एक उदाहरण सांगते. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत, ही शिफारस आम्ही ऐकली होती. ऐकून प्रत्येकीने मान डोलावली, पण सापळ्यातले पतंग मोजायला सकाळी जायचे कोणी, हे कोणी बोलेना. त्या बैठकीत आम्ही तिघींची नावे ठरवली आणि पऱ्हाटीला पाते लागल्यापासून त्यांनी आळीपाळीने मोजणी केली, आकडे वहीत लिहिले. त्या हंगामात शेजारच्या वावरात फवारणी दिसली म्हणून आपणही फवारणी करायची, असे आमच्या गटात झाले नाही. बैठकीला माणसे का येत नाहीत, असे तुम्ही विचारता; आमच्याकडे पुढच्या बैठकीला सगळ्या आल्या त्या पतंग किती निघाले हे ऐकायला.

एक विनंती आहे. तुमच्या सतरा जणांत बायका किती होत्या ते तुम्ही लिहिले नाही. त्यांना बोलवा, आणि बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा.

---

झाडीचा रसिक (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. केवळ शेतीची माहिती हा आधार धरला तर पेरणी ते वेचणी मंडळ चालते आणि उन्हाळ्यात ओस पडते. आमचे मंडळ टिकले ते लोकसंगीतामुळे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्ये करणारी माणसे गावोगावी आहेत आणि आकाशवाणीवर स्वरचाचणी उत्तीर्ण झालेल्या कलावंताला गावात जो मान मिळतो, तो अन्य कोणत्या प्रमाणपत्राने मिळत नाही. आम्ही महिन्यातील एक बैठक अशी ठेवतो की, ज्या दिवशी लोकसंगीत किंवा भजन प्रसारित होणार असेल त्या दिवशी ते सर्वांनी ऐकायचे आणि नंतर गावातील जाणत्या गायकांनी त्या चालीविषयी, मूळ पदाविषयी बोलायचे. म्हातारी माणसे एरवी बैठकीत गप्प बसतात. येथे त्यांनाच बोलावे लागते. आकाशवाणी केंद्रे वेळोवेळी निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफली घेतात. तशी मैफल असल्याचे कळले की मंडळाने पत्र पाठवून प्रवेशिका मागाव्यात. आम्ही एकदा वर्गणी काढून गाडीने गेलो होतो आणि ज्यांचा आवाज वर्षानुवर्षे ऐकला, त्या निवेदकांना प्रत्यक्ष बोलताना पाहून आमच्यातील दोन वृद्धांचे डोळे भरून आले होते.

ऐकू नीट येते काय, याचाही विचार करावा. नागपूर केंद्र मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) ५८५ किलोहर्ट्झला आहे, म्हणजे तरंगलांबी सुमारे ५१३ मीटर. या लहरी दिवसा जमिनीलगत दूरपर्यंत स्वच्छ पोहोचतात, परंतु अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरांतून परतणाऱ्या दूरच्या केंद्रांच्या लहरी त्यांत मिसळू लागतात. तुमची बैठक संध्याकाळची आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. रेडिओच्या आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची आडवी कांडी असते, तीच मध्यम लहरींची एरियल. त्यामुळे वरची दांडी ओढून उपयोग नसतो, सबंध रेडिओ हळूहळू फिरवून आवाज सर्वांत स्पष्ट येईल ती दिशा पकडावी लागते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर यांच्यामुळे खरखर वाढते, म्हणून ऐकण्याच्या अर्ध्या तासापुरता वाचनालयातील दिवा बंद ठेवून कंदील लावून पाहा. मोबाइलवरील आकाशवाणीच्या अ‍ॅपवरही प्रसारण मिळते, पण ते थोडे मागून येते. दोन्ही एकाच खोलीत लावले तर कोणालाच काही कळत नाही.

---

शिवारवाचक (आर्वी तालुका, जि. वर्धा)

काका, ताई आणि दादा, तिघांचेही मनापासून आभार. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला संकोच वाटतो: पहिल्या बैठकीत स्त्रिया दोनच होत्या आणि त्या दोघीही शिक्षिका होत्या. काल मी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंशी आणि अंगणवाडीतील ताईंशी बोललो. रविवारची संध्याकाळ त्यांना अजिबात सोयीची नाही. दुपारी तीनची वेळ त्यांनी सुचवली आहे आणि ती आम्ही स्वीकारली. दुपारी शेतीचा कार्यक्रम नसला तरी चालेल, कारण ताईंच्या वहीची पद्धत आम्ही उचलणार आहोत. सात वारांसाठी सात घरे ठरली, त्यांपैकी चार घरांत वही बाईकडे आहे. उन्हाळ्याच्या महिन्यांसाठी भजनाची बैठक ठेवू; आमच्याकडे खंजिरीवर भजने म्हणणारी जुनी मंडळी आहेत.

केंद्राला पाठवायच्या पत्राचा मसुदा असा केला आहे, त्यात काही चुकत असल्यास सांगावे:

'आमच्या गावातील श्रोता मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्या कार्यक्रमांवर चर्चा करते. आगामी महिन्यात संत्रा, कापूस आणि तूर या पिकांविषयीचे भाग व लोकसंगीताचे कार्यक्रम कोणत्या दिवशी प्रसारित होणार आहेत, हे कळवल्यास आम्ही त्यानुसार ऐकण्याची जबाबदारी वाटून घेऊ. मागील बैठकीत निघालेल्या तीन शंका सोबत जोडल्या आहेत. त्यांची उत्तरे प्रसारणातून मिळाल्यास परिसरातील इतर शेतकऱ्यांनाही उपयोग होईल.'

---

निवृत्त प्रसारणकर्मी (नागपूर)

मसुदा उत्तम आहे. दोनच सुधारणा करा. शंका तीन पाठवताना प्रत्येक शंका स्वतंत्र कागदावर लिहा, कारण कापसाची शंका एका तज्ज्ञाकडे जाते आणि संत्र्याची दुसऱ्याकडे. एकाच कागदावर असल्या तर दोन शंका मागे राहतात. आणि प्रत्येक कागदावर पिकाचे वाण, लागवडीचा महिना, जमीन हलकी की भारी आणि पाण्याची सोय काय, हे लिहायला विसरू नका. तज्ज्ञ स्टुडिओत बसलेला असतो, त्याला तुमचे वावर दिसत नाही.