राहतं घर विकताना स्टेजिंग (विकण्यासाठी घर मांडून-सजवून दाखवणं) : देवघर, फोडणी आणि सासूबाई (एडिसन, न्यू जर्सी) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच काही सुचत नाहीये.

आमचं एडिसनचं घर विकायला काढतोय. चार बेडरूमचं कलोनियल, २०११ मधे घेतलेलं. नवऱ्याची नोकरी डॅलसला गेली, तो जानेवारीपासून तिकडे आहे. इथे मी, मुलगा (टेन्थ ग्रेड) आणि सासूबाई (वय ७८, गुडघे दुखतात, दिवसभर घरीच असतात). मुलाची शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आहे त्यामुळे आधी घर रिकामं करून मग विकायचं हे आम्हाला शक्यच नाही, राहत्या घरातच सगळं करायचंय. लिस्टिंग (घर विकायला आहे ही जाहिरात) एप्रिलमधे टाकायचं असं एजंटचं म्हणणं.

तर एजंटने एक स्टेजर बाई पाठवल्या. दोन तास घरभर फिरल्या, फोटो काढले आणि नंतर ११ पानी रिपोर्ट पाठवला. ह्या सल्ल्याचे ३५० डॉलर झाले. पुढचं काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं असेल, म्हणजे आमचंच फर्निचर हलवून लावणार आणि चित्रं, रग, उशा, दिवे त्यांचे भाड्याने ६० दिवस, तर आणखी २,२०० डॉलर.

रिपोर्टमधलं बरंचसं पटलं, उगाच कशाला नाही म्हणू. हॉलमधला तिसरा सोफा काढा, सगळे बल्ब एकाच रंगाचे लावा (आमच्याकडे निम्मे पिवळे निम्मे पांढरे आहेत), मुलाच्या खोलीचा गडद निळा रंग बदला, क्लोजेट निम्मी रिकामी करा कारण लोक उघडून बघतात. हे करू. पण तीन गोष्टींवर मी अडलेय.

पहिली म्हणजे देवघर. आमची फॉर्मल डायनिंग रूम हेच आमचं देवघर आहे, पुण्याहून आणलेला सागवानी देव्हारा आहे आणि सासूबाईंची रोजची पूजा साधारण तासभर चालते. रिपोर्टमधे लिहिलंय की धार्मिक वस्तू सगळ्या काढा आणि तिथे डायनिंग टेबल ठेवा. दुसरी, घर मार्केटमधे असेपर्यंत फोडणी नाही, तळण नाही, शक्यतो घरी स्वयंपाकच नको. तिसरी, प्रत्येक शोइंगला (कोणी घर बघायला येईल तेव्हा) घरातल्या सगळ्यांनी बाहेर जायचं, एक तास आधी फोन येईल. सासूबाईंना एका तासात तयार करून, वॉकर घेऊन, एप्रिलच्या पावसात मी कुठे नेऊ? आणि मी ऑफिसमधे असेन तेव्हा काय?

अजून एक. मला वाटलं एडिसनमधे घर बघायला येणारे बरेचसे आपलेच लोक असतील, भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड इतका जवळ आहे, तर देवघर असलेलं उलट आवडेल ना? एजंटला विचारलं तर तो काहीच बोलेना, विषयच बदलला. म्हणजे नक्की काय समजायचं?

सासूबाईंना अजून ह्यातलं काहीच सांगितलेलं नाही. तो देव्हारा सासऱ्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलेला आहे. २,२०० डॉलर खर्च करावेत का, आणि ह्या तीन गोष्टींना काही मधला मार्ग आहे का, अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

आम्ही दोन वर्षांपूर्वी ह्यातूनच गेलो, दोन लहान मुलं आणि कुत्रा घरात असताना. ताई, एकच मुद्दा सांगते बाकी नंतर : दिवस कमी करा. एजंटला सांगा की एक तासाच्या नोटिसवर शोइंग आम्हाला चालणारच नाहीत. आमचं लिस्टिंग गुरुवारी लागलं, शोइंग फक्त शुक्रवार ते रविवार, शनिवार-रविवार ओपन हाउस (ठरलेल्या वेळात कोणीही येऊन घर बघावं), आणि ऑफर द्यायची मुदत मंगळवार दुपार. आम्ही गुरुवारी रात्रीच बॅगा भरून एक्स्टेंडेड स्टे हॉटेलमधे गेलो, तिथे छोटं किचन असतं. चार रात्रींचे पैसे गेले पण घर एकदा लावलं ते रविवारपर्यंत तसंच राहिलं, रोज उठून पांघरुणं लपवा, भांडी लपवा असं काही नाही. सासूबाईंनाही एकदाच बाहेर पडावं लागेल.

प्रतिसाद (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

मी एजंट आहे, ११ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा एजंट गप्प बसला ते बरोबरच केलं त्याने, तो काही लपवत नाहीये. १९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे, त्यात वंश, धर्म, मूळ देश ह्यावरून घराच्या व्यवहारात भेदभाव करायला बंदी आहे. त्यामुळे 'इथे इंडियन लोक येतील' किंवा 'ह्या भागात अमुक धर्माचे लोक राहतात' असं आम्ही बोललो तर लायसन्सवर येतं. पण तुम्ही मालक म्हणून तुमच्या घरात देव ठेवायचे की नाही हा निर्णय पूर्णपणे तुमचा आहे. कोणीही जबरदस्ती करू शकत नाही, स्टेजरसुद्धा नाही.

आता माझं मत. देवामुळे घर विकलं जात नाही असं मी तरी बघितलेलं नाही, खरी अडचण खोलीची आहे. लिस्टिंगमधे फॉर्मल डायनिंग लिहिलंय आणि फोटोत टेबलच दिसत नाही, तर बघणाऱ्याला वाटतं ह्या घरात जेवायला जागा नाही. राहत्या घराच्या स्टेजिंगमधे ही मुख्य गोष्ट, एका खोलीचं एकच काम दिसलं पाहिजे. तेव्हा देव्हारा काढून टाकू नका, हलवा. सासूबाईंची बेडरूम खाली असेल तर तिथल्या कोपऱ्यात, म्हणजे त्यांनाही जवळ पडेल. फोटो काढायच्या दिवशी मात्र देव, घरच्यांचे फोटो, मुलाचं नाव असलेली सर्टिफिकेटं सगळं आत ठेवा, ह्याचं कारण वेगळं आहे : घर विकून झाल्यावरही ते फोटो इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरत राहतात.

पैशांचं म्हणाल तर नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या २०२५ च्या पाहणीत स्टेजिंग सर्व्हिसचा मिडियन (मधला) खर्च १,५०० डॉलर होता, आणि सगळ्यात महत्त्वाची खोली म्हणून लिव्हिंग रूम पहिली, मग मुख्य बेडरूम, मग किचन. म्हणून माझा सल्ला, अख्ख्या घराचं पॅकेज घेऊ नका, ह्या तीनच जागांचं कोटेशन मागा. रिपोर्टचे ३५० तुम्ही भरलेच आहेत, त्यातलं ८० टक्के काम स्वतः होण्यासारखं आहे. आणि एजंटला सरळ विचारा की तुझ्या कमिशनमधे ह्यातलं काय धरलंयस, बरेच एजंट सल्ल्याचे पैसे स्वतः भरतात. कमिशन ठरवताना बोलायचं असतं हे, सही केल्यावर नाही.

औषधं, दागिने, पासपोर्ट, आलेली पत्रं कुलूपबंद. दागिने तर बँकेच्या लॉकरमधेच. ओपन हाउसला एका माणसाचं सगळीकडे लक्ष राहत नाही.

प्रतिसाद (नेपरव्हिल, इलिनॉय)

फोडणीबद्दल स्पष्टच सांगते, राग नसावा. स्टेजरचं म्हणणं खरं आहे. आपल्याला आपल्या घराचा वास येत नाही. मी भारतातून तीन आठवड्यांनी परत आले आणि दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. हिंग आणि तळणाचा वास किचनमधे कमी आणि पडदे, कार्पेट, कोटांच्या क्लोजेटमधे जास्त बसतो. मी काय केलं ते सांगते, चिमणीच्या जाळ्या गरम पाणी आणि डिग्रीझरमधे भिजवल्या, कॅबिनेटच्या वरच्या कडांवरचा चिकट थर पुसला (स्टुलावर चढून बघा, तिथेच असतो), पडदे धुतले, कार्पेट स्टीम केलं, फर्नेसचा फिल्टर बदलला, आणि हिवाळी कोट सगळे ड्रायक्लीनला. आधी तुमची चिमणी हवा बाहेर टाकते की तिथल्या तिथे फिरवते ते बघा, फिरवणारी असेल तर तिचा काही उपयोग नाही.

सेंटच्या मेणबत्त्या आणि प्लगइन लावू नका, काहीतरी झाकताय असं लगेच वाटतं. आणि कोणी ओझोन मशीन लावा म्हणालं तर अजिबात नको, माणसं राहत असलेल्या घरात ते वापरू नये असं ईपीए (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) स्पष्ट सांगते, तुमच्या घरात तर ७८ वर्षांच्या बाई आहेत.

स्वयंपाक बंद करायची गरज नाही हो. आम्ही डेकवर इंडक्शन ठेवला होता, फोडणी बाहेर करायची आणि आत आणून वरणावर घालायची. तांदळाची पोती, पिठाचे डबे गराजमधे हलवा, पँट्री निम्मी रिकामी दिसली पाहिजे.

प्रतिसाद (पुणे)

इकडे सॅम्पल फ्लॅट सजवतात ते माहीत होतं, राहत्या घराचंही करतात हे नवीनच. पण एक विचारू का? सासूबाईंना अजून सांगितलं नाहीत हे मला जास्त खटकलं. ११ पानी रिपोर्ट तुम्ही वाचलात, एजंटने वाचला, आम्ही अनोळखी लोक चर्चा करतोय आणि ज्यांचा देव्हारा आहे त्यांनाच माहीत नाही. आधी त्यांच्याशी बोला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या ताई, तुमचा प्रतिसाद वाचून रडू आलं पण तुमचंच बरोबर होतं. काल रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, रिपोर्टमधलं देवघराचं पानही मराठीत वाचून दाखवलं. मी घाबरत घाबरत बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, गावाला जाताना आपण देव तांदळात ठेवूनच जायचो की. तसंच ठेवू. फोटोच्या दिवशी आणि तुमच्या त्या तीन दिवसांत देव तांदळात. एरवी माझ्या खोलीत." मग म्हणाल्या, देव्हाऱ्याला बुरशी येईल असल्या स्टोरेजमधे टाकू नका, एवढंच. तेव्हा देव्हारा त्यांच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला बसतोय का ते आज मोजलं, चार इंच कमी पडताहेत, त्यांचं कपाट दुसऱ्या खोलीत हलवलं की बसेल.

एजंटला मेल केलाय, शुक्रवार ते रविवारच शोइंग, चार रात्री हॉटेल, खालच्या मजल्यावरची खोली मागणार. स्टेजर बाईंकडे हॉल, मोठी बेडरूम आणि किचन एवढ्याचंच कोटेशन मागितलं, ९०० सांगितलेत. नेपरव्हिलच्या ताई, आमची चिमणी हवा तिथल्या तिथेच फिरवणारी निघाली, १५ वर्षांत मला माहीतच नव्हतं.

आता एकच राहिलं. मुलाच्या खोलीचा गडद निळा रंग, त्यावर पांढरा देताना प्रायमरचे किती हात लागतील? घरीच करायचंय, शनिवारी सुरुवात करतोय.