विकास दर 6.5 टक्के म्हणतात, मंग आपल्या वावरात काहून दिसत नाही?

वावरवाला (वाशिम जिल्हा)

राजेहो, एक प्रश्न आठ दिवसांपासून डोक्यात फिरून रायला म्हणून इथं टाकतो. 28 मे 2025 ले हमीभाव जाहीर झाले, सोयाबीन क्विंटलले 5,328 रुपये. लगेच 30 मे ले देशाचा विकास दर आला, 2024-25 चा 6.5 टक्के, अन् त्यात शेतीचा 4.6. त्याच्या आधी आपण जपानच्या पुढं गेलो म्हणून टीव्हीवर दिवसभर चालू होतं. मी तेव्हा कृषी केंद्रासमोर बीटी कपाशीच्या बियाण्याच्या थैलीसाठी लाइनमध्ये उभा, 901 रुपये थैली, हीच 2020 ले 730 ले होती.

आता माह्या घरचं सांगतो. पाच एकर सोयाबीन. 2023 ले 22 क्विंटल झालं, 4,650 नं विकलं, 1 लाख 2 हजार 300. मागच्या वर्षी, 2024 ले, पाऊसपाणी बरं झालं, 26 क्विंटल झालं. दिवाळीच्या चार दिवस आधी माल घेऊन गेलो, सरकारी खरेदी केंद्रावर मॉइश्चरचं, म्हणजे ओलाव्याचं, मशीन लावलं तं 14.2 टक्के आलं, 12 च्या वर घेत नाही म्हणे. मायनं पोत्यात हात घालून दाणे काढले, दाताखाली चावून पाह्यले, वाळलेले होते हो, पण मशीनपुढं कोण बोलते. सणाचे दिवस, पोराची फी बाकी, सोंगणीवाल्या बाया पैशासाठी दारात, माल वापस कुठं नेता? तसाच व्यापाऱ्याकडं वळवला, 3,950. हमीभाव 4,892 होता. म्हणजे 26 क्विंटलमागं साडेचोवीस हजार गेले. अन् पंधरा दिवसांनी मॉइश्चरची अट 15 टक्के केली, तोवर माल विकून झाला होता.

टोटल आली 1 लाख 2 हजार 700. चार क्विंटल जास्त पिकवून हाती 400 रुपये जास्त, अन् त्या वरच्या चार क्विंटलच्या मळणीलेच हजार रुपये लागले. सोंगणी एकरी 3,000 ची 3,800 झाली थे वेगळंच.

मले एवढंच समजून घ्याचं आहे, आकडा खोटा आहे का माहा हिशोब चुकून रायला? कृपा करून पार्टीपक्षाचं भांडण आणू नका.

तालुक्याचा मास्तर

भाऊ, मी ज्युनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो. तुमचा हिशोब बरोबर आहे, आणि आकडा खोटा आहे असंही मी म्हणणार नाही. तो वेगळी गोष्ट मोजतो.

बातमीतला 6.5 हा स्थिर किमतींचा दर असतो, म्हणजे भाव चढला-उतरला तो काढून टाकायचा आणि माल किती वाढला ते पाहायचं. हा 6.5 ज्या मालिकेतला आहे तिचं पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे भाव धरून मोजतात ते, 2011-12 होतं. आता तुमचंच वावर घ्या, 22 चे 26 झाले म्हणजे पिकाची वाढ 18 टक्के. बियाणं, खत, डिझेल वजा करून हिशोब लावतात त्यामुळे अगदी 18 येणार नाही, पण ढोबळमानाने असंच. आणि तुमच्या हातात 400 रुपये. ही दोन्ही खरी आहेत. भाव पडला की कास्तकाराची कंबर मोडते पण स्थिर किमतीच्या हिशोबात ते पडणं दिसतच नाही, उलट पीक चांगलं आलं की आकडा वर जातो, आणि पीक चांगलं आलं की भाव पडतो हे तर आपण लहानपणापासून पाहतोय.

महागाईचंही तसंच आहे. 2025 मध्ये महागाई कमी झाली म्हणून बातम्या आल्या त्यात डाळी स्वस्त झाल्याचा मोठा वाटा होता. तुरीचा 2024-25 चा हमीभाव 7,550 आणि बाजारात त्याच्या खाली विकली गेली, वरून बाहेरच्या देशातली तूर आयात शुल्काशिवाय येत होती, 2025 मध्ये ती मुदतही मार्च 2026 पर्यंत वाढवली. शहरातल्या ताटाला जो दिलासा मिळाला तो आपल्या पोत्यातून गेलाय, हे मला वर्गात शिकवताना दरवेळी टोचतं.

आणि जपानचं म्हणाल तर ती अख्ख्या देशाच्या उत्पन्नाची एकूण बेरीज आहे. त्यांची माणसं 12 कोटी, आपली 140 कोटींच्या वर. दर माणशी भागाकार केला की आपण त्यांच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही.

पुण्यात_मूळचा_दारव्ह्याचा

सर पटलं, पण एक बाजू राहतेय. काहीच बदललं नाही असं म्हणणं मला पटत नाही. माझ्या लहानपणी पावसाळ्यात गावातून एसटी बंद व्हायची, बाळंतीण बैलगाडीत न्यायचे, मी स्वतः पाहिलंय. आता डांबरी रस्ता दारापर्यंत आहे, घरोघरी मोटरसायकल आहे, समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण सुरू झाला. सरकारच्या खर्चाच्या सर्व्हेत गावातला दर माणशी महिन्याचा खर्च 2022-23 मध्ये 3,773 होता तो 2023-24 मध्ये 4,122 झाला. म्हणजे लोक खर्च करतायत ना? पैसा आल्याशिवाय खर्च कसा होईल?

बचतगटवाली ताई

भाऊ तुम्ही पुण्यात आहात म्हणून सांगते, राग मानू नका. खर्च पैसा आल्यावरच होते असं नाही, उसनवारीनं पण होते. आमच्या गल्लीत मंगळवारी फायनान्सवाला येते, बाया सकाळपासून कोणाकडून शंभर कोणाकडून दोनशे जमवत राहतात, त्याच्यासमोर रडून चालत नाही. लाडकी बहीणचे 1,500 येतात, खोटं नाही बोलत, आधार आहे, पण आमच्या गटातल्या अर्ध्या बायांचे ते सरळ हप्त्यात जातात. सासऱ्याले अटॅक आला तेव्हा दवाखान्यात 80 हजार गेले, दागिना मोडला. तुमच्या त्या सर्व्हेत तो पण खर्चच लिहिल्या जाईल ना? मग आमची परिस्थिती सुधारली म्हणायचं का?

रस्ता झाला हे खरं आहे, त्याच रस्त्यानं गावातले पोट्टे पुण्याले गेले.

आणि एक विचारते सर, बायकांचं काम वाढलं म्हणतात ते कसं मोजतात? मी पहाटे चारला उठते, पाणी, जनावरं, डबे, मग दिवसभर आपल्याच वावरात निंदण. मजुरी शून्य. दुसऱ्याकडं कापूस वेचाले गेली की किलोमागं 10 रुपये, बोटांची सालं निघतात बोंडाच्या टोकानं, तेव्हा कुठं पैसा दिसते.

तालुक्याचा मास्तर

ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. रोजगाराच्या सर्व्हेत 2017-18 ला गावातल्या 15 वर्षं आणि वरच्या शंभर बायांमागे 24.6 कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, 2023-24 ला 47.6 झाल्या. पण घरच्या शेतीत बिनपगारी मदत करणारी बाईही त्यात रोजगारवाली धरतात. म्हणजे तुमच्या निंदणाचा आकडा रोजगारात आहे, मजुरी कुठेच नाही. आणि पाणी भरणं, डबे करणं हे तर जीडीपीतही, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या हिशोबातही, नाही.

दवाखान्याचंही खरं आहे, डॉक्टरची फी, खोलीभाडं हे सगळं उत्पन्नात जमा होतं, मोडलेला दागिना कुठेच वजा होत नाही.

वावरवाले भाऊ, देशाच्या आकड्यापेक्षा राज्याची आर्थिक पाहणी बघा, दरवर्षी बजेटच्या आधी, बहुतेक मार्चमध्ये येते. त्यात जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. वर मुंबई, ठाणे, पुणे आणि वाशिम, गडचिरोली, नंदुरबार तळाला. तुमचा प्रश्न त्या तक्त्यात निदान दिसतो तरी.

वावरवाला (वाशिम जिल्हा)

सर लय बरं झालं तुम्ही 22 अन् 26 वरून समजावलं, मी इतके दिवस मलेच हिशोब येत नाही समजून रायलो होतो. ताई, तुमचं वाचून मायले विचारलं, तुह्या निंदणाचे दिवस किती भरले मागच्या वर्षी. तिनं बोटं मोजली, बासष्ट. माह्या वहीत खत-फवारणी सगळं लिहिलं आहे, तिचा एक दिवस नाही लिहिला.

दारव्ह्याचे भाऊ, रस्त्याचं मान्य आहे मले. पण तुम्ही वापस आले का हो त्या रस्त्यानं?

सर, तो जिल्ह्याचा तक्ता मराठीत भेटते का, ग्रामसभेत वाचाचा आहे. पेरणी आटोपली की तुमच्याकडं चक्कर मारतो.