ठाण्याच्या नावाचे जुने मराठी उल्लेख : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत ठाणे शहर ‘श्रीस्थानक’ या नावाने येते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा आहे. त्याच शतकात अल्बेरूनी हा मुसलमान पंडित या गावाला ‘ताना’ म्हणतो आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोही तसेच लिहितो. त्यावरून मला असे वाटते की, राजशासनांत संस्कृत नाव डौलाने मिरवत असतानाच बोलीत, ‘स्थान’ या शब्दाच्या ‘ठाण’ या प्राकृत रूपातून, ‘ठाणे’ रुळले असावे.

हे अनुमान पक्के करण्यासाठी मला देशी पुरावा हवा आहे. शिलाहारांच्या अखेरीपासून पोर्तुगीज अंमल सुरू होईपर्यंतच्या एखाद्या मराठी शिलालेखात, विशेषतः कोकणातल्या गद्धेगाळांवर (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणाऱ्या कोरीव दगडांवर), ‘ठाणे’ हे रूप कोणाच्या वाचनात आले आहे काय? असल्यास लेखातील मूळ ओळ, शक आणि दगडाचे ठिकाण कृपया कळवावे; अक्षरे झिजलेली असली, तरी लेखाच्या कागदी ठशाचे छायाचित्र मला फार उपयोगी पडेल.